अभियांत्रिकीची अखेरची परीक्षा आणि आपले घर

(नाशिक येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला एक अभियंता आहे. मला वक्तृत्व येत नाही. धरणाच्या भिंतीवर उभे राहून मजुरांशी बोलावे, तसेच मी तुमच्याशी बोलणार आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी यंदा प्रथमच एखादा मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा देत आहे. त्या मुलाला काय सांगावे हे तर सांगतोच; परंतु त्याच्या घराने काय करावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपण ज्या गावी राहतो त्या गावाचा या विद्येशी जुना संबंध आहे. १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा एक गरीब घरातला तरुण पुण्याहून अभियंत्याची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी सहायक अभियंता म्हणून याच नाशकात सरकारी नोकरीत रुजू झाला. शिकत असताना शिकवण्या करून त्याने आपला खर्च भागविला होता. परीक्षा उत्तीर्ण होताच त्याच्यासाठी दार उघडले. आपल्या वाडवडिलांसाठी त्या काळी कोणते दार उघडे होते? त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच गावात काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या लोकांना सत्याग्रह करावा लागला. आज तुमची मुले ज्या दाराशी उभी आहेत ते परीक्षेचे आहे. तेथे कोणी आडवा उभा नाही, परंतु ते आपोआप उघडतही नाही.

पालकांना प्रथम ही परीक्षा कशी असते ते समजावून देणे अवश्य आहे. मुलगा घरी म्हणतो, "पेपर आहे," आणि आपण म्हणतो, "बरा लिही." यापुढे आपले संभाषण जात नाही. नाशकातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही आता स्वायत्त झाली आहेत, त्यांचे नियम त्यांच्याकडून समजून घ्यावेत. विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्याप्रमाणे प्रत्येक लेखी विषयाची सत्रामध्ये ३० गुणांची एक तासाची आणि सत्राच्या अखेरीस ७० गुणांची अडीच तासांची, अशी परीक्षा ठेवण्यात आली. अखेरच्या प्रश्नपत्रिकेत आठ प्रश्नांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एकच प्रश्न सोडवावयाचा असतो. नंतर २०२४ चा आराखडा आला. तेव्हा विद्यार्थ्याने पहिले काम करावे ते हे, की आपला आराखडा कोणता, याची खात्री करून त्याच आराखड्याच्या मागील प्रश्नपत्रिका गोळा कराव्यात. जुन्या आराखड्याची पुस्तिका उसनी घेऊन महिनाभर वाचणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचा अभ्यास खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच परीक्षेचा होता.

आता अभ्यास म्हणजे काय, याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. कारण आपल्याकडे खरी फसगत येथेच होते.

एक साधे उदाहरण घेऊ. मातांनो, पाण्याने भरलेला हंडा बांबूला अडकवून दोघींनी खांद्यावर नेला, तर तो मधोमध असताना दोघींच्या खांद्यांवर सारखाच भार येतो. हंडा एकीच्या बाजूला सरकला की तिचा खांदा अधिक दुखतो. हे तुम्हाला कोणी शिकविले नाही, खांद्यानेच शिकविले. तुळईचे शास्त्र आरंभी एवढेच आहे. चार मीटर लांबीची तुळई दोन्ही टोकांना टेकलेली आहे आणि तिच्या मध्यभागी २० किलोन्यूटनचा भार आहे. मग प्रत्येक आधारावर १० किलोन्यूटन येतात आणि मध्यभागी नमनघूर्ण होते १० गुणिले २, म्हणजे २० किलोन्यूटन-मीटर. पुस्तकात याचेच सूत्र दिलेले असते: भार गुणिले लांबी, भागिले चार. मुलगा ते सूत्र पाठ करतो. परीक्षक मात्र भार मधून सरकवून डाव्या टोकापासून एका मीटरवर ठेवतो. पाठ केलेले सूत्र तेथे निरुपयोगी ठरते. ज्याला हंड्याची गोष्ट समजली आहे तो म्हणतो, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. हिशेब करतो, डावीकडे १५ आणि उजवीकडे ५. भाराखाली नमनघूर्ण १५ गुणिले १, म्हणजे १५. एवढ्यावर तो थांबत नाही. उजवीकडून पुन्हा मोजतो, ५ गुणिले ३, तेही १५. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आले, म्हणून तो निःशंक मनाने पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

ही दोन्ही बाजूंनी मोजण्याची सवय काही परदेशातून आलेली नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्यात त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापणांचा कायम निधी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे कोरले आहे. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि त्यांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे ठरविले. मुलांनो, हिशेब करून पहा. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्खूंना बारा बारा दिले की तेही दोनशे चाळीस. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला हा हिशेब दोन्हीकडून जुळतो. पुढच्या वेळी लेण्यांवर गेलात तर नुसती छायाचित्रे काढून परतू नका, तो लेख कोठे आहे तेही विचारा.

तेव्हा अभ्यासाची पहिली कसोटी अशी: वही मिटून, कोऱ्या कागदावर, कोणाला न विचारता, ते उदाहरण आपल्याला सोडविता येते काय? नुसते वाचत राहिल्याने सर्व काही ओळखीचे वाटू लागते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असे आपण समजतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हेच दाखविले. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे मी वेगळे सांगावयास नको.

म्हणून मागील प्रश्नपत्रिका वाचू नका, सोडवा. आणि घड्याळ समोर ठेवून सोडवा. ७० गुण आणि १५० मिनिटे. चार प्रश्नांना प्रत्येकी ३४ मिनिटे दिली तर १३६ मिनिटे होतात. उरलेल्या १४ मिनिटांपैकी आरंभीची पाच प्रश्न वाचून निवड करण्यास आणि अखेरची नऊ तपासण्यास ठेवा. हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. परंतु घरी चार-पाच वेळा तसे बसल्यावाचून तो हातात येत नाही. प्रत्येक वेळी जेथे चुकलात ते एका निराळ्या वहीत लिहून ठेवा. चूक सूत्राची होती, चिन्हाची होती, एककाची होती, की प्रश्नच नीट वाचला नव्हता? माझ्या अनुभवाप्रमाणे शेवटच्या दोन कारणांनी जितके गुण जातात तितके अज्ञानाने जात नाहीत. ती चुकांची वही परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचावी. त्या वेळी जाड पुस्तक उघडण्यात अर्थ नाही.

येथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. तिसऱ्या वर्षाला संरचनांच्या विषयात मी नापास झालो. विषय मला आवडत होता आणि तोच माझा घात झाला. पहिलेच उदाहरण जुळेना. मी हट्टाला पेटलो आणि जवळजवळ एक तास त्याच्यापाशी बसलो. ते सुटले, आणि वेळही सुटला! पुढचे दोन प्रश्न मला येत असून लिहिता आले नाहीत. निकाल लागला तेव्हा वडिलांसमोर कसे उभे राहावे ते कळेना. ते कामगार होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले होते. मी सांगितले. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, पाणी मागितले, आणि विचारले, "मग तो पेपर पुन्हा केव्हा आहे?" याहून अधिक ते काही बोलले नाहीत. त्या एका प्रश्नाने मला जे दिले ते कोणत्याही शिकवणीने दिले नसते.

पालकांनो, म्हणूनच तुम्हाला विनंती करतो. मुलगा नापास झाला तर ती बातमी तुम्हाला सांगण्याचे त्याला भय वाटू नये, असे घर ठेवा. एखादा विषय राहिला तरी पुढे जाता येते, त्याचे नियम ठरलेले असतात; परंतु राहिलेला विषय लपविला तर तो दर सत्राला वाढत जातो. एक खोटे निभावण्यासाठी दुसरे बोलावे लागते, मग मुलगा घरातल्यांशी बोलणेच टाळतो, रात्र रात्र जागा राहतो, जेवत नाही. असे दिसले तर त्याला रागावू नका आणि त्याला एकटेही सोडू नका. जवळ बसा, विचारा, महाविद्यालयातील त्याच्या विश्वासाच्या शिक्षकाला भेटा, गरज वाटली तर डॉक्टरकडे न्या. कोणत्याही विषयाच्या गुणांपेक्षा तो जीव मोठा आहे. आणि गुणांविषयी खरोखर शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याचा व पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करण्याचा मार्ग आहे. त्याची मुदत थोडी असते. रडण्यात आठवडा घालवून मुदत संपल्यावर अर्ज घेऊन धावणारे लोक मी पाहिले आहेत.

स्वतः बाबासाहेबांनी १९२२ साली लंडनला रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा लिहावयास सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला, आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. पदवीचे नाव आपण सर्वजण घेतो; मधल्या त्या महिन्यांचे कोणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट बाबासाहेबांच्या नावाने सांगितली जाते, तिच्याविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वडील रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपावयास सांगत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून त्याच्या जागी आपण निजत. ही हकीकत चरित्रात आली आहे. हिच्यावरून आपली मुले असा निष्कर्ष काढतात की, मोठे होण्यासाठी झोपू नये. परंतु नीट पहा. मुलगा लवकर झोपत असे; त्याची झोप कापलेली नव्हती, सरकविलेली होती. दिवसा जी शांतता त्या खोलीत नव्हती ती पहाटे मिळत असे, म्हणून. त्या गोष्टीत जागरण कोणाचे आहे? बापाचे आहे. आपल्यापैकी किती बापांनी मुलाच्या परीक्षेसाठी एक रात्र तरी सोसली आहे, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

आता घराविषयी बोलतो. काही गोष्टी कटू लागतील, त्या ऐकून घ्या.

१४ एप्रिल आपला मोठा दिवस आहे आणि तो नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो. त्या दिवशी विद्यार्थ्याने अभिवादनास अवश्य जावे, मिरवणुकीत घटकाभर चालावे. परंतु वर्गणी गोळा करणे, मंडप, कमानी, ध्वनिवर्धक यांसाठी पंधरा पंधरा दिवस परीक्षार्थी मुलांनाच जुंपावयाचे, ही रीत बंद झाली पाहिजे. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावे. ध्वनिवर्धकाविषयी तर मी एवढेच म्हणेन की, ज्या गल्लीत मुलगी अभ्यास करीत बसली आहे त्या गल्लीत त्याचे तोंड नसावे.

मुलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. मुलगा अभ्यासाला बसला की त्याच्याजवळ चहा नेऊन ठेवला जातो. मुलगी अभ्यासाला बसली की तिला भाकऱ्या थापावयास हाक येते. दोघांची प्रश्नपत्रिका एकच असते आणि मिनिटेही १५०च. शिवाय शेवटच्या सत्रात मुलीला पाहावयास पाहुणे येऊ लागतात. "नुसते पाहून जातील," असे आपण म्हणतो. ती मात्र त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस पुस्तक उघडू शकत नाही. पाहुण्यांना जूनपर्यंत थांबावयास सांगा. जे थांबणार नाहीत त्यांच्या घरी तिला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निफाड, दिंडोरीकडून आलेल्या कुटुंबांची अडचण मला ठाऊक आहे. द्राक्षांचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि घरातील प्रत्येक हाताची मजुरी मोलाची असते. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत पाळी करून शिकणारी मुलेही येथे बसली आहेत. मजुरी सोडा असे म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. परंतु मजुरीचे दिवस आणि परीक्षेचे दिवस एकाच कागदावर मांडून, कोणते तीन आठवडे त्याला मोकळे करता येतील, हे घराने फेब्रुवारीतच बसून ठरवावे. एप्रिलच्या अखेरीस ठरवून काही उपयोग नसतो.

कागदपत्रांची धावपळही विद्यार्थ्याच्या माथी मारू नका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राने १९६० साली त्या दिल्या आणि केंद्रात त्यासाठी १९९० सालची दुरुस्ती यावी लागली. म्हणजे मधली तीस वर्षे आपल्या आधीच्या पिढीने एका कागदासाठी घालविली. आज तो हक्क आहे, पण तो दाखला, अर्ज आणि मुदत यांच्या वाटेने येतो. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी दाखल्यावरील नोंद कशी असावी, हे सामाजिक न्याय विभागाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. घरातील एका मोठ्या माणसाने हे सर्व आपल्याकडे घ्यावे. परीक्षेच्या आठवड्यात मुलगा तहसील कचेरीच्या रांगेत दिसता कामा नये.

कॉपीविषयी मी फार बोलणार नाही. वर्गात कोणी करीत असेल तर करो. गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या पोटातल्या पाण्यावर आज आपले शहर जगते आहे. त्याच्या खालच्या अंगाला आपली घरे आहेत. उताराचा कोन आणि पाझराचा हिशेब ज्याने दुसऱ्याच्या कागदावरून उतरविला, त्याच्या भिंतीखाली तुम्ही निजाल काय?

मुलांनो, परीक्षेच्या दिवसाविषयी दोन शब्द. आदल्या रात्री झोपा. गणकयंत्र, ओळखपत्र, प्रवेशपत्र, दोन लेखण्या रात्रीच पिशवीत ठेवा. दिंडोरी किंवा सिन्नरकडून येणाऱ्यांनी नेहमीच्या आधीची बस धरावी. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर प्रत्येक जोडीतला कोणता प्रश्न घ्यावयाचा ते ठरवून खूण करा आणि ज्याची खात्री आहे तो प्रथम सोडवा. आकृती मोठी काढा, दिलेली माहिती लिहा, सूत्र लिहा, मग किमती घाला. उत्तर चुकले तरी योग्य पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. कोऱ्या जागेला गुण देता येत नाहीत. चौतीस मिनिटे झाली की उदाहरण सुटलेले असो वा नसो, लेखणी उचला आणि पुढे जा. मी उचलली नव्हती, आणि त्याचे फळ तुम्ही ऐकलेच आहे. बाहेर आल्यावर झालेल्या प्रश्नपत्रिकेची चर्चा करीत फाटकाशी उभे राहू नका. दुसऱ्या दिवशी दुसरा विषय आहे.

घरी जागा नसलेल्यांसाठी विहाराच्या वरच्या खोलीची किल्ली व्यवस्थापकांनी माझ्या स्वाधीन केली आहे. उद्यापासून परीक्षा संपेपर्यंत ती खोली पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघडी राहील. तेथे दिवे आहेत, पंखा एकच आहे, पाण्याचा माठ मी भरून ठेवीन. रविवारी सकाळी आठ वाजता आपापल्या विषयाच्या मागील प्रश्नपत्रिका आणि एक घड्याळ घेऊन या. आपण सर्वजण तेथे अडीच तास लिहावयास बसू. कागद मी तपासून देईन. ज्या विषयात मला गती नाही त्यासाठी माझे दोन जुने सहकारी येण्यास तयार झाले आहेत. पालकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी साडेदहाला यावे, तोवर आत कोणी येऊ नये.